वावराच्या तारेत करंट सोडायचा का? केबलचोरीला वैतागलोय, खरं मत द्या

केळीवाला_रावेर (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. एरवी मी इथे केळीचे भाव आणि करप्यावरच्या फवारण्या वाचायला येतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

रावेर तालुक्यात सातपुड्याच्या बाजूला आमचं साडेचार एकर वावर आहे, तीन एकर केळी आणि बाकी मका. दिवाळीपासून तीनदा केबल गेली. विहिरीपासून स्टार्टरच्या पेटीपर्यंतची तीन कोर केबल रात्रीतून कापतात, खालच्या नाल्यात नेऊन पेटवतात, वरचं प्लॅस्टिक जळून जातं आणि तांबं भंगारात जातं. तिसऱ्या वेळी मी सकाळी माग काढत नाल्यात उतरलो तर राख अजून गरम होती आणि त्या जळक्या प्लॅस्टिकचा वास नाकातून दुपारपर्यंत गेला नाही. त्या माणसाला भंगारात हजार-दीड हजार मिळाले असतील. मला नवी केबल, वायरमनची मजुरी, आणि मुख्य म्हणजे पाच दिवस पाणी नाही. मार्च संपत आलाय, आपल्याकडचं ऊन सगळ्यांना माहीत आहे, निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, बागेला पाच दिवस पाणी नसलं की पानं खाली पडतात आणि घड भरतच नाही, ते नुकसान कोणत्या कागदावर लिहायचं?

पोलीस ठाण्यात दोनदा जाऊन आलो. अर्ज घेतला, शिक्का दिला, पुढे काही नाही.

आता मूळ मुद्दा. शेजारचे आप्पा म्हणतात, नाहीतरी मक्याला डुकरांसाठी तार लावायचीच आहे, तीच विहिरीभोवती फिरव आणि रात्री फेज दे, एक जण चिकटला की पंचक्रोशीतून परत कोणी येणार नाही. मी जी.आय. तारेची दोन बंडलं आणली, बांबूच्या खुंट्या तासून शेडमध्ये ठेवल्यात. बायको दोन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. आई म्हणते, तुझ्या बापाने अशी तार कधी लावली नाही. पण बापाच्या वेळी केबलही कोणी नेत नव्हतं.

मला कायदा पण सांगा पण फक्त कायदा नको. मी घाम गाळून उभं केलेलं कोणी रात्री येऊन नेत असेल आणि त्यात तो मेला तर पाप कोणाचं? खरं सांगा, गोड बोलू नका.

तापीकाठ

लाव भाऊ, बिनधास्त लाव. इथे लोक आता तुला माणुसकी शिकवतील, त्यातल्या निम्म्यांनी वावर गुगलच्या नकाशावर पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शिवारात एका शेतकऱ्याची दीड हजार खोडं रात्रीतून कापली. चोरी पण नाही, नुसती दुश्मनी. घड निम्मे भरलेले, महिन्या-दीड महिन्यात कटाई होती. सकाळी मी तिथे गेलो तेव्हा तो माणूस एका कापलेल्या खोडाला हात टेकवून बसलेला, कापल्या जागेतून पाणी गळत होतं आणि त्याचा शर्ट ओला झाला होता तरी तो हलत नव्हता. सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, सगळं त्या बागेवर. लोक म्हणतात माल गेला, जीव तर गेला नाही ना. अरे त्या माणसाच्या आयुष्याचे चौदा महिने कापून टाकले कोणीतरी, त्याला माल म्हणायचं का? शेतकऱ्याच्या गळ्याला फास कसा लागतो ते सगळे वाचतात, पण फास विणतो कोण ते बघत नाहीत. मला विचारशील तर वावर वाचवायला मारणं आणि जीव वाचवायला मारणं यात आमच्यासाठी फार अंतर नाही.

वायरमन_यावल

पाप-पुण्य नंतर बघू, आधी विजेचं ऐका. बावीस वर्षं हेच काम करतोय.

लोकांना वाटतं कोणी चिकटला की फ्यूज उडेल आणि सुटेल. नाही उडत. मोटरचा फ्यूज पंधरा-वीस अँपिअरचा असतो आणि माणसाचं हृदय बंद पाडायला अँपिअरचा दहावा भाग पुरतो, त्यामुळे तो मरेपर्यंत फ्यूजला पत्ताच लागत नाही. शिवाय एसी करंटने मूठ आवळते, माणसाला सोडायचं असतं पण बोटं ऐकत नाहीत. रात्री पाणी दिलेलं वावर म्हणजे पायाखाली ओली माती, म्हणजे अर्थिंग एकदम पक्कं. तुम्ही लावाल ती तार चोराला घाबरवणार नाही, धरून ठेवणार.

डुकरासाठी झटका मशीन वेगळं असतं. बॅटरीवर चालतं, व्होल्टेज हजारांत, पण ठोका सेकंदाला एखादा आणि पापणी लवायच्या आत संपतो, त्यामुळे जनावर दचकून मागे फिरतं, माणूसही फिरतो. ते आणि लाइनवरची तार यांना लोक एकच नाव देतात, कुंपणाचा करंट. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणाला अनुदान आहे, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत. ते सोडून आकडा टाकून फेज देणाऱ्याकडे मी कामाला जात नाही, कितीही पैसे दिले तरी.

वकीलीण_धुळे

कायद्याचं थोडक्यात सांगते, पण इथे थोडक्यात होत नाही म्हणून माफ करा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या आयपीसीत स्वसंरक्षणाची कलमं ९६ ते १०६ होती, ती आता ३४ ते ४४ आहेत. स्वसंरक्षणात मालमत्तेचं संरक्षण येतं, त्यामुळे कायदा तुम्हाला हात बांधून बसा असं मुळीच सांगत नाही. पण मालमत्तेसाठी समोरच्याचा जीव घेण्याइतका हक्क फक्त कलम ४१ मधल्या प्रसंगांत आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधीची घरफोडी, राहतं घर किंवा माल ठेवायची इमारत पेटवणं, आणि अशी चोरी, नुकसानी किंवा घरात घुसणं की ज्यात आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी. म्हणजे घरात कापूस भरून ठेवलाय आणि कोणी काडी लावायला आला तर तो प्रसंग यात बसतो. वावरातली केबल कापणं यात बसत नाही, उभी केळी कापणंही एकटं बसत नाही. तिथे कलम ४२, म्हणजे मृत्यू सोडून इतर इजा करण्यापर्यंतचा हक्क. तापीकाठ भाऊ, तुमच्या शिवारातल्या त्या माणसाचं दुःख मला कळतं, पण कायद्याने ही रेघ मुद्दाम इथे ओढली आहे.

आणि तारेबद्दल सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल आहे, १९६३ चा, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. शेजाऱ्यांच्या संडासाची भिंत पडली म्हणून ते लोक ग्रेगरीच्या संडासात जायला लागले. याने आधी हटकलं, मग वाटेवर उघडी तांब्याची तार बांधून त्यात करंट सोडला, सूचना-पाटी काही नाही. शेजारची बाई गेली आणि तारेला हात लागून मेली. त्याचं म्हणणं होतं की माझ्या जागेत विनापरवानगी येणाऱ्यापासून मी बचाव केला. कोर्टाने ते मानलं नाही. परवानगीशिवाय आत आला म्हणून माणूस कायद्याच्या बाहेर फेकला जात नाही, त्याला इजा व्हावी म्हणून सापळा लावायचा हक्क मालकाला नाही, असं स्पष्ट म्हटलं आणि शिक्षा कायम ठेवली. तेव्हाचं कलम ३०४ अ होतं, निष्काळजीपणाने मृत्यू. आज पोलीस कलम १०५, सदोष मनुष्यवध, लावू शकतात आणि त्यात जन्मठेपेपर्यंत जाता येतं. तुम्ही तर इथे लेखी सांगितलंय की चोर चिकटावा म्हणून तार लावतोय.

अजून एक. साध्या चोरीला संहितेत पहिल्या वेळी जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत, पुन्हा दोषी ठरला तर पाच. पाच हजारांच्या आतली, पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला तर समाजसेवेची शिक्षा. देशातला कोणताही न्यायाधीश केबलचोराला फाशी देऊ शकत नाही. ती तुमच्या खुंट्यांवरची तार देणार.

तापीकाठ

ताई, कायदा ठीक आहे पण कायदा रात्री दोन वाजता वावरात येतो का? अर्ज घेऊन शिक्का मारणारा कायदा आम्ही पाहिलाय.

वकीलीण_धुळे

नाही येत, आणि तो राग रास्त आहे. पण तार तरी कुठे बघते की कोण आलंय?

मळ्यातली

मी सहसा लिहीत नाही, आज लिहिते.

आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे, पारोळा तालुक्यात. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात मी, सासूबाई आणि दोन लेकरं. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी रात्री दार वाजलं, मग धडका सुरू झाल्या. बाहेर चार की पाच जण होते, कळलं नाही. कुत्रं आधी भुंकत होतं, मग गप्प झालं. सासूबाई लेकरांना घेऊन कणगीच्या मागे बसल्या. मी कुऱ्हाड घेतली आणि दाराच्या बाजूला भिंतीला चिकटून उभी राहिले. दाराची वरची कडी तुटली, खालची राहिली होती. कडीच्या फटीतून बॅटरीचा उजेड आत यायचा आणि जायचा. मी मनाशी पक्कं केलं होतं की पहिलं डोकं आत आलं की घाव घालायचा, डोक्यावरच, हातावर नाही. तेवढ्यात रस्त्याने कोणाचा तरी ट्रॅक्टर आला, त्याचा लाइट घरावर पडला आणि ते पळाले.

मला इथल्या कोणी सांगू नये की तेव्हा मी पैशांसाठी मारणार होते की जिवासाठी. मला माहीत नव्हतं. आत काय होतं, दोन तोळे आणि साडेसात हजार रुपये. पण दार तोडणारा काय न्यायला आलाय ते दारामागच्या बाईला कसं कळणार? मी मारलं असतं, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटलं नसतं, हे मी देवासमोर सांगेन.

पण भाऊ, तुमच्या तारेला माझी साक्ष देऊ नका. मी तिथे होते. ट्रॅक्टर आला तेव्हा मी कुऱ्हाड खाली ठेवली. ते पळाले तेव्हा मी मागे धावले नाही. तुम्ही घरात झोपणार आणि बाहेर तार जागी राहणार.

वकीलीण_धुळे

ताई, तुमचं बरोबर होतं, कायद्यानेही बरोबर. सुप्रीम कोर्टाने दर्शन सिंग खटल्यात २०१० साली हेच सांगितलंय, हल्ला होताना नागरिकाने भेकडासारखं वागावं अशी कायद्याची अपेक्षा नाही, आणि त्या क्षणी सोन्याच्या काट्यावर तोलून मारावं अशीही नाही.

जिभाऊ_अमळनेर

केळीवाला भाऊ, तुना राग माले समजस. मनंबी वावर शे. बाकीच्यांना कळावं म्हणून पुढे मराठीत लिहितो.

मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे थोडं लांबण लावतो. हा प्रश्न नवा नाही. आपल्या जुन्या स्मृतींमध्ये सहा आततायी सांगितलेत, आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन आलेला, धन नेणारा, शेत बळकावणारा, बायको पळवणारा. अशा आततायीला मारलं तर दोष नाही असं म्हटलंय. म्हणजे धन नेणारा आणि विष घालणारा एका ओळीत बसवले. तापीकाठ यांचं म्हणणं जुनंच आहे, ते काही वेडं नाही. ज्या काळात एका हंगामाचं धान्य गेलं की घर उपाशी मरायचं, त्या काळातली ती ओळ आहे.

पण दुसरीकडे बघा. यहुदी लोकांच्या जुन्या करारात म्हटलंय की चोर रात्री घर फोडताना सापडला आणि मारला गेला तर रक्ताचा दोष नाही, पण सूर्य उगवला असेल तर दोष आहे. रोमनांच्या बारा पाट्यांच्या कायद्यातही रात्रीचा चोर आणि दिवसाचा चोर वेगळा. वकीलताईंनी सांगितलं ते सूर्यास्ताचं कलम बघा, एवढ्या शतकांनी तीच रेघ. का? सोनं दिवसा आणि रात्री सारखंच किमती. मला वाटतं मळ्यातली ताई म्हणाली तेच कारण. अंधारात समोरचा काय करायला आलाय ते दिसत नाही, म्हणून घाबरलेल्या माणसाला माफी आहे. माफी भीतीला आहे, मालाला नाही. आणि तुमच्या वावरात रात्री कोणी घाबरलेलं नसतंच, तिथे फक्त तार असते.

दुसरी गोष्ट आपल्या मातीतली. इंग्रजांच्या सुरुवातीच्या काळात खान्देशात भिल्ल म्हणजे लुटारू असंच सरकारदरबारी समजत होते, डोंगरात शिरून मारत होते, तरी लुटालूट थांबली नाही. १८२५ मध्ये औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला खान्देश भिल्ल कोअर ही पलटण उभी केली, त्याच लोकांना पगार आणि राखणीचं काम दिलं, तेव्हा वाटा सुरक्षित व्हायला लागल्या. इंग्रजांचं मी गुणगान करत नाही, त्यांनीच पुढे १८७१ मध्ये जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या आणि तो कायदा देशातून पुरता गेला तो १९५२ मध्ये. पण ज्याला चोर म्हणून मारत होते तोच राखणदार झाला, ही आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे, एवढंच ध्यानात ठेवा.

साक्रीकर

जिभाऊंनी चोर शब्दाचा विषय काढला म्हणून लिहितो. आमचा तालुका १ जुलै २०१८ ला देशभर गाजला. राईनपाड्याला रविवारचा बाजार होता, मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागत फिरत होते, मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा, आणि पाच माणसं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारली. तिथे केबल नव्हती, माल नव्हता, फक्त शब्द होता. मारणाऱ्यांना पण वाटत होतं की आपण आपलं राखतोय, पोरं राखतोय. त्या वाटेने मी कामासाठी जातो, अजून ती खोली आली की गाडीत कोणी बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच, चोर मेला असं आपण म्हणतो तेव्हा तो चोर होता हे कोणी ठरवलं ते आधी विचारा.

न्यूजर्सीतला_भुसावळकर

इथली एक केस सांगतो, कायद्याच्या कॉलेजात सगळ्यांना शिकवतात. आयोवा राज्यात एका जोडप्याचं जुनं रिकामं घर होतं, सारख्या चोऱ्या व्हायच्या. १९६७ मध्ये त्यांनी आतल्या खोलीत पलंगाला शॉटगन बांधली, दाराच्या मुठीला तार, दार उघडलं की गोळी पायावर. एक जण जुन्या बाटल्या-बरण्या उचलायला आला आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. तो चोर होता, त्याने कबूलही केलं, त्याला त्याची शिक्षाही झाली. तरी ज्युरीने मालकांना तीस हजार डॉलर भरपाई भरायला लावली आणि १९७१ मध्ये वरच्या कोर्टाने ती कायम ठेवली. वाचवायला गेले बाटल्या आणि शेतजमीन विकायची वेळ आली.

उलट टेक्सासमध्ये रात्रीची चोरी रोखायला काही अटींवर जीवघेणं बळ चालतं. म्हणजे इथेही एकमत नाही. पण माझ्या माहितीप्रमाणे सापळ्यासाठी तिथेही सूट नाही, स्वतः हजर असाल तरच.

चोपडा_ते_पुणे

चार दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको करत होतो. नाव लिहीत नाही, गाव लिहीत नाही.

माझ्या मोठ्या चुलतभावाने मक्याला तार लावली होती, डुकरांसाठी. चोरासाठी पण नाही. रात्री दहाला फेज द्यायचा, पहाटे चारला काढायचा, घरातल्या सगळ्यांना माहीत, सालदाराला, म्हणजे वर्षभराच्या गड्याला, माहीत. आमचा सालदार पावरा आदिवासी होता, डोंगरातल्या पाड्यावरचा, तीन आखाज्या (अक्षय तृतीया), म्हणजे तीन वर्षं, आमच्याकडे होता. त्या आठवड्यात मोटरची थ्री फेज लाइट रात्रीची होती. पहाटे तीनला लाइट आली, याने झोपेत आवाज ऐकला, पाण्याची पाळी वाया जाईल म्हणून मोटर चालू करायला उठला. वाट लांबची होती म्हणून मक्यातून गेला. भाऊ घरी झोपलेला.

मी तेव्हा बारावीला होतो, सुट्टीत गावी. सहाला मी भावाच्या मागे गेलो. लांबून मक्यात उजेड दिसत होता, आम्हाला वाटलं तो तिथे काही करतोय. बॅटरी खाली पडून चालू राहिली होती, एक चप्पल पायात आणि एक सरीत. हाताची मूठ तारेवर तशीच. भाऊ पुढे धावायला लागला, मी मागून त्याचा शर्ट धरला, फाटला शर्ट, कारण तार अजून चालू होती. त्यादिवशी फेज काढायचं भाऊ विसरला होता. मी धरला नसता तर दोघं गेले असते.

त्याची बायको आली तेव्हा ती रडली नाही. तिने आधी विचारलं, मोटर चालू झाली का. ते मला आजपर्यंत समजलं नाही की तिने ते का विचारलं. कदाचित तो काम पुरं करून गेला की नाही एवढंच तिला बघायचं होतं.

केस झाली, जामीन झाला, पैसे देऊन मिटवायचा प्रयत्न झाला, ते सगळं सगळीकडे होतं तसं. भावाने मका पुन्हा कधी लावला नाही. जमीन दुसऱ्याला ठोक्याने दिली. दारू पीत नाही, कोणाशी भांडत नाही, पण रात्री लाइट आली की उठून अंगणात येऊन उभा राहतो. अठरा वर्षं झाली.

तुम्ही विचारलं ना पाप कोणाचं. आमच्या घरात कोणीच म्हटलं नाही की तुझं पाप. कोणी म्हणायची गरजच पडली नाही.

तापीकाठ

...भाऊ, मला माहीत नव्हतं. मी वर लाव म्हणालो ते आत्ता वाचवत नाहीये.

तरी एक मुद्दा सोडत नाही. तुमचा सालदार निर्दोष होता, म्हणून सगळ्यांना वाईट वाटलं. त्याच्या जागी खरोखरचा चोर असता तर? तेव्हा पण असंच वाटलं असतं का? मी प्रामाणिक विचारतोय, वादासाठी नाही.

चोपडा_ते_पुणे

मी पण हे खूप वेळा विचारलंय स्वतःला. आधी वाटायचं नसतं वाटलं. आता वाटतं की मूठ तशीच असती, चप्पल तशीच असती, आणि त्याची पण कोणी बायको आली असती. तिने काय विचारलं असतं माहीत नाही. एवढंच माझ्याकडे उत्तर आहे.

वायरमन_यावल

तापीकाठ दादा, चोराकडे जायचं तर भंगारवाल्यापासून जा. जळकं तांबं किलोवर घेणारा माणूस प्रत्येक तालुक्यात सगळ्यांना माहीत असतो. केबल जाळलेलं तांबं काळपट पडतं, वाइंडिंगवाल्याकडून आलेल्या तांब्यात आणि त्यात फरक डोळ्याला दिसतो. चोरीचा माल घेणं हा वेगळा गुन्हा आहे. पाच गावांनी मिळून एका दुकानावर नजर ठेवली तर रात्री वावरात जायची गरज नाही.

वकीलीण_धुळे

हो, न्याय संहितेचं कलम ३१७. आणि अर्जावर थांबू नका. चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, पाच हजारांच्या वरचा माल असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवा, कलम १७३ खाली, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या. केबलचं बिल जोडा, वायरमनची पावती जोडा, नाल्यातल्या राखेचा फोटो असेल तर तोही. पाच शेतकऱ्यांच्या सह्या असल्या की वजन येतं.

केळीवाला_रावेर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, उशीर झाला उत्तर द्यायला.

चोपडा भाऊंचं लिखाण मी बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून चहा ठेवला, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी तारेची दोन्ही बंडलं दुकानदाराला परत दिली, त्याने दोनशे रुपये कापले. आप्पांना सांगितलं, ते रागावले, म्हणाले तू भित्रा आहेस. असेन. आमचा पण सालदार आहे आणि त्याची पोरगी शाळेतून आली की विहिरीवर बापाला डबा द्यायला येते, मी खुंट्या तासत होतो तेव्हा ती समोर बसून त्यांचे तुकडे गोळा करत होती, आणि माझ्या डोक्यात तेव्हा हे आलंच नाही. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय.

आता खरं सांगायचं तर परवा परत केबल गेली. साठ फूट. मी घरी होतो, पाहुणे होते. सकाळी बघितलं तर विहिरीच्या ओल्या मातीत पावलं होती, दोन माणसांची, एकाच्या पायात बूट, एक अनवाणी. बरोबर जिथून मी तार नेणार होतो तिथून. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. राग आला, खूप आला, अजून आहे. हातात सापडला असता तर मी त्याला सोडला नसता, दोन कानाखाली दिल्या असत्या आणि बांधून ठाण्यात नेला असता. पण ती अनवाणी पावलं बघताना हेही दिसत होतं की तार असती तर तो इथेच पडलेला असता आणि मला त्याचं तोंड बघावं लागलं असतं.

वकीलताई, फोटो काढलेत पावलांचे आणि राखेचे. आजूबाजूच्या सात जणांच्या सह्या झाल्यात, अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने उद्या पाठवतो. राखणीचं पण ठरतंय, रात्रीच्या फेजच्या आठवड्यात दोघा-दोघांची पाळी, नाहीतरी पाणी द्यायला जागायचंच असतं.

आणि केबल आता जमिनीत घालायचा विचार आहे, दोन फूट चर खणून पाइपातून. वायरमन दादा, कोणता पाइप घेऊ? ठिबकचा जुना सबमेन पडलाय, तो चालेल का?

वायरमन_यावल

जुना सबमेन नको, उन्हाने तडकलेला असतो, पाणी शिरेल. शेतीचाच पीव्हीसी घ्या, अडीच इंची, जोडाला सोल्युशन नीट लावा. वळणावर एल्बो नका टाकू, केबल ओढताना अडकते, लांब बेंड टाका. स्टार्टरच्या पेटीजवळ पाइप सिमेंटात पक्का करा, तिथूनच उपसायला सुरुवात करतात. आणि अडीच फूट खणा, नांगर लागायला नको. रविवारी मी तिकडे येतोय, मजुरी नको, चर खणून ठेवा.